चरख्याची चाती व तिचे गतिनियंत्रण

कापसाच्या तंतूंना पीळ देऊन तयार झालेले सूत चरख्यातील ज्या टोकदार पोलादी सळईवर गुंडाळले जाते, तिला चाती म्हणतात. लेथ, वेधन यंत्र यांसारख्या यंत्रांतील फिरत्या मुख्य दंडास मराठीत तर्कू हा शब्द रूढ झाला आहे. संस्कृतातील ‘तर्कु’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र सूत कातण्याची चाती हाच होय. दंड किती वेगाने फिरावा, तो वेग कोणत्या साधनाने कमीजास्त करावा आणि ते साधन कोणाच्या हाती असावे, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखेच आहेत. चरख्याच्या बाबतीत वर्धा जिल्ह्यातील आश्रम, कार्यशाळा व संशोधनसंस्था यांनी शंभर वर्षांच्या काळात या प्रश्नांचा पाठपुरावा केला. हाताने फिरणाऱ्या चाकापासून सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या मोटरीपर्यंतचा हा इतिहास वरवर पाहता वेग वाढवण्याचा आहे. प्रत्यक्षात तो वेगावरील ताबा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा आहे.

चातीची गती हा केवळ घाईचा प्रश्न नसतो. सुताचे बळ त्याला दिलेल्या पिळावर अवलंबून असते आणि चातीच्या एका फेऱ्याने सुतास एक पीळ बसतो. सूत जितके बारीक, तितका दर इंचास अधिक पीळ लागतो. हे प्रमाण सुताच्या अंकाच्या वर्गमुळाशी निगडित असून सर्वसाधारण विणकामाच्या सुतासाठी त्या वर्गमुळास सु. चाराने गुणतात. म्हणजे १६ अंकी सुताला दर इंचास सु. १६ पीळ लागतात. खादीच्या जुन्या परिमाणात चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी व चार लट्यांची एक गुंडी होत असे. या हिशेबाने १६ अंकी सुताच्या एका तारासाठी चातीचे ७६८ आणि एका गुंडीसाठी सु. ४ लक्ष ९१ हजार फेरे व्हावे लागतात. पीळ कमी पडल्यास सूत मागावर तुटते, अधिक झाल्यास त्याला आढ्या पडतात. चरख्यातील प्रत्येक सुधारणेच्या मुळाशी हे अंकगणित आहे.

हातचरख्यावर हे नियंत्रण संपूर्णपणे कातणाऱ्याच्या दोन हातांत असते. उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातातील पेळूमधून तंतू ओढले जातात. ओढ चालू असताना चाक बेताने फिरवावे लागते. तार पुरेसा लांब झाला, की जादा पीळ देण्यासाठी चाकाला झपाट्याने फेरे देतात. त्यानंतर चातीच्या टोकावरील वेढे उकलण्यासाठी चाक क्षणभर उलटे फिरवून, सूत चातीशी काटकोनात धरून ते हळू गुंडाळतात. म्हणजे एकाच ताराच्या निर्मितीत गती तीनचार वेळा बदलते व एकदा तिची दिशाही पालटते. हे बदल पायरीपायरीने न होता अखंडपणे, बोटांना जाणवणाऱ्या ताणानुसार होतात. यंत्रशास्त्राच्या भाषेत याला संवेदन व नियंत्रण यांचे बंद मंडल म्हणता येईल. फरक इतकाच, की या मंडलात तारेऐवजी मनुष्याचा हात असतो. चांगली कातणारी स्त्री चाकाकडे पाहतही नाही.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टन यांनी १७७९ मध्ये तयार केलेल्या म्यूल यंत्रात ओढणे, पिळणे व गुंडाळणे या क्रिया हातचरख्याप्रमाणेच एकामागून एक होत. अमेरिकेत जॉन थॉर्प यांनी १८२८ मध्ये शोधलेल्या कडे-कताईच्या पद्धतीत मात्र त्या एकाच वेळी अखंड चालू लागल्या. ही पद्धत भारतात रुजवण्याचे श्रेय वर्ध्यापासून सु. ७५ किमी. वर असलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे जाते. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या या गिरणीत १८८० नंतरच्या दशकात कड्याच्या चात्यांचे प्रयोग होऊन त्या सर्रास वापरात आल्या. वर्धा खोऱ्यातील कापूस, विशेषतः व्यापारात हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस, रेल्वेने गिरण्यांकडे व बंदरांकडे जाऊ लागला होता. कापूस पिकवणाऱ्या गावांतील चरखा याच सुमारास मागे पडत गेला. गिरणीतील चातीची गती व्यवस्थापक ठरवीत असे. धागा जोडणाऱ्या कामगाराने तिच्याशी जुळवून घ्यावयाचे असे.

विनोबा भावे (१८९५–१९८२) एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रहाश्रमाची शाखा चालवण्यासाठी जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांच्या आग्रहावरून वर्ध्यास आले. कताई हे आश्रमाच्या दिनक्रमाचे प्रमुख अंग होते. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळील नालवाडी येथे राहावयास गेले आणि कताईच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह होतो किंवा कसे, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष कातून अजमावले. या प्रयोगामुळे चातीच्या गतीला रोजच्या भाकरीचे माप लागले. गुंडीचा दर ठरलेला असल्याने तासाला किती तार निघतात यावर पोट भरणार की नाही, हे अवलंबून राहते. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९३५ मध्ये कातणाऱ्यांना निर्वाहापुरते किमान वेतन देण्याचे धोरण स्वीकारले. आठ तासांचे कुशल काम हा त्या हिशेबाचा आधार होता. खादी त्यामुळे महागली व तिचा खप राखण्याची चिंता निर्माण झाली. पण वेतन वाढवावयाचे तर एक तर भाव वाढवावा किंवा चरख्याचे उत्पादन वाढवावे, याशिवाय तिसरा मार्ग नव्हता.

उत्पादन वाढवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न त्यापूर्वीच होऊन गेला होता. चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. चरखा हलका व सहज हलवता येण्याजोगा असावा, खेड्यातील झोपडीत हाताने अथवा पायाने चालावा, स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, तो वीस वर्षे टिकावा आणि आठ तासांत १२ ते २० अंकांचे १६,००० फूट सूत निघावे, अशा त्याच्या प्रमुख अटी होत्या. शेवटच्या अटीचा हिशेब उद्बोधक आहे. १६ अंकी सुतासाठी आठ तासांत चातीचे तीस लक्षांहून अधिक फेरे, म्हणजे मिनिटास सरासरी ६,४०० फेरे लागतात. तेही सूत गुंडाळण्यात किंवा तुटलेला धागा जोडण्यात एक क्षणही न दवडता. एका चातीच्या हातचरख्याकडून हे होण्याजोगे नव्हते. एकाहून अधिक चात्या किंवा अखंड कताई यांपैकी काहीतरी स्वीकारणे अपरिहार्य होते, आणि तसे केल्यास हलकेपणा, स्वस्ताई व साधेपणा यांच्या अटी आड येत. पारितोषिक कोणासही मिळाले नाही. अटी घालणाऱ्यांनी एका चरख्याकडून गिरणी व झोपडी या दोहोंचे गुण मागितले होते, असे म्हणावे लागते.

याच काळात एक लहान, पण टिकाऊ सुधारणा पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. महात्मा गांधी १९३० ते १९३३ या काळात वेळोवेळी तेथे बंदिवासात होते. या वास्तव्यात सिद्ध झालेल्या पेटीच्या चरख्यास येरवडा चक्र हे नाव मिळाले. जुन्या चरख्यात एकच मोठे चाक माळेने चातीला जोडलेले असे. चातीवरील गिरकीचा व्यास ०.८ सेंमी. धरल्यास चाकाच्या एका फेऱ्यास चातीचे १२८ फेरे मिळवण्यासाठी एक मीटरहून अधिक व्यासाचे चाक लागेल. येरवडा चक्रात दोन चाके आडवी बसवून वेगवाढ दोन टप्प्यांत विभागली आहे. हाताने फिरणाऱ्या मूलचक्राचा व्यास २० सेंमी. आणि त्याची माळ ज्या कप्पीवर जाते तिचा २.५ सेंमी. असल्यास पहिल्या टप्प्यात आठपट वेग मिळतो. त्याच कप्पीच्या अक्षावरील १२.८ सेंमी. व्यासाचे गतिचक्र ०.८ सेंमी.च्या गिरकीला फिरवते तेव्हा दुसऱ्या टप्प्यात सोळापट, म्हणजे एकूण १२८ पट वेग मिळतो. चार फुटांच्या तारास लागणारे ७६८ पीळ अशा रीतीने मुठीच्या अवघ्या सहा फेऱ्यांत पडतात. चरखा पेटीत मावू लागला, प्रवासात नेता येऊ लागला आणि गती वाढूनही तिच्यावरील हाताचा ताबा जसाच्या तसा राहिला. प्रभुदास गांधी यांनी तयार केलेल्या व मगनलाल गांधी (१८८३–१९२८) यांचे नाव दिलेल्या मगन चरख्यात चाक पायाने चालते व दोन्ही हातांनी दोन तार ओढता येतात. हात दुखावल्यामुळे गांधींनी १९३२ मध्ये येरवड्यात हा चरखा चालवण्याचा सराव केला होता. त्यात गतिनियंत्रण पायाकडे गेले; तथापि दोन तारांचा ताण एकाच पायाने सांभाळणे सोपे नव्हते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले. त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांच्याकडे होती. याच वर्षी ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. गोपुरी येथील त्याच्या कार्यामुळे कापसापासून कापडापर्यंतची कामे व त्यांची साधने वर्ध्याच्या परिसरात एकत्र आली. गांधी एप्रिल १९३६ मध्ये सेगावात राहावयास गेले. या गावाचे नाव पुढे सेवाग्राम असे झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली व कताईला, आरंभीच्या इयत्तांत तकलीला, अभ्यासक्रमात स्थान मिळाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरख्यांचे निरनिराळे नमुने एकत्र पाहावयास मिळावेत, यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला.

याच परिसरात वावरलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांची धनुष तकली ही वेगळ्या वळणाची रचना होय. तीत चाक नाही, माळ नाही व दुहेरी वेगवाढही नाही. धनुष्याला ताणून बसवलेली पट्टी चातीच्या अंगावर घासत ओढली, की चाती फिरते. चातीच्या त्या भागाचा घेर २५ मिमी. असून पट्टी सेकंदाला एक मीटर वेगाने ओढल्यास चातीला मिनिटास २,४०० फेरे मिळतात. ओढ मंदावली, की गतीही तत्काळ मंदावते. वेग मर्यादित असला, तरी गावच्या सुताराला हे साधन थोड्या वेळात व थोड्या खर्चात करता येई. गांधींनी १९४० नंतर तिचा हिरिरीने पुरस्कार केला. १९४२ नंतरच्या दडपशाहीत चरखा संघाची अनेक केंद्रे बंद पडली होती. तेव्हा मध्यवर्ती कार्यशाळेवाचून गावात तयार होणारे साधन हाच खरा आधार, ही भूमिका सप्टेंबर १९४४ मध्ये सेवाग्राम येथे चरखा संघाच्या विश्वस्तांबरोबर झालेल्या चर्चांतही व्यक्त झाली.

स्वातंत्र्यानंतर प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. तमिळनाडूतील एकांबरनाथन यांनी चाळीशीच्या दशकाच्या अखेरीस गिरणीतील कडे-कताईचे तत्त्व हाताच्या मुठीवर चालणाऱ्या लहान यंत्रात आणले. त्यांच्या नावावरून त्यास अंबर चरखा म्हणतात. दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये हस्तोद्योगांतील रोजगाराचा विचार केला आणि १९५६ मध्ये केंद्र शासनाने अंबर चरख्याची तपासणी करण्यासाठी खेरा समिती नेमली. चार चात्यांचे हे यंत्र दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मोठ्या प्रमाणावर पसरले. त्याच्या सहा व आठ चात्यांच्या धातूच्या आवृत्त्या पुढे नवीन नमुन्याचा चरखा या नावाने खादी संस्थांत रूढ झाल्या.

अंबर चरख्याने चात्यांची संख्या वाढवली, हे सर्वांच्या लक्षात येते. त्याहून महत्त्वाचा बदल दातचाकांत दडलेला आहे. वात रुळांच्या जोड्यांमधून ओढली जाऊन बारीक होते आणि पुढच्या रुळांतून ठराविक लांबीने बाहेर पडते. चातीभोवतीच्या कड्यावर धावणारी धातूची बारीक कडी, जिला ट्रॅव्हलर म्हणतात, तिला पीळ देते व त्याच वेळी बॉबिनवर गुंडाळते. रूळ व चात्या एकाच मुठीने, ठराविक गुणोत्तराने फिरत असल्यामुळे मूठ हळू फिरवली काय वा जलद फिरवली काय, दर इंचास पडणारा पीळ तोच राहतो. पीळ ठरवण्याचे काम कातणारीच्या बोटांतून निघून दातचाकांच्या दात्यांकडे गेले. तिच्याकडे उरला तो केवळ कामाचा वेग. कमी शिकवणीत समान प्रतीचे सूत निघू लागले, हा मोठा लाभ होता. मात्र मूठ फिरवण्याचे श्रम अनेक पटींनी वाढले. आठ चात्या दिवसभर फिरवणे हे खांद्यावर व पाठीवर पडणारे काम आहे. हातचरख्यात कौशल्याला मजुरी मिळत होती, अंबर चरख्यात ती मुख्यतः श्रमाला मिळू लागली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

श्रमाची जागा मोटरीने घ्यावी, ही कल्पना यातूनच बळावली. मगनवाडीत पन्नाशीच्या दशकापासून जमनालाल बजाज यांच्या नावाने ग्रामोद्योगांची केंद्रीय संशोधन संस्था काम करीत होती. दिल्ली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तिची पुनर्रचना होऊन २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था अस्तित्वात आली. सौर चरख्याच्या विकासात या संस्थेचा वाटा मोठा आहे. बिहारमधील नवादा जिल्ह्यातील खनवा येथे २०१६ मध्ये सौर चरख्यांचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि जून २०१८ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सौर चरखा मोहिमेचा आरंभ झाला. तीत ५० समूह व ५५० कोटी रुपयांचे अनुदान योजिले होते.

मोटरीची जोड कडे-कताईच्या चरख्याला दिली गेली, पेटीच्या चरख्याला नव्हे, यामागे एक तांत्रिक कारण आहे. सौरपट्टीवर ढगाची सावली पडली, की विद्युत् शक्ती घटते व थेट जोडलेली मोटर मंदावते. एका चातीच्या चरख्यात यामुळे पीळ बिघडेल. कडे-कताईच्या चरख्यात दातचाकांचे गुणोत्तर कायम असल्याने केवळ उत्पादन घटते. विद्युत् घटमाला बसवल्यास हा चढउतारही टळतो. तरीही मोटरीला वेगनियंत्रक लागतोच. सुतावरील ताण चातीच्या गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे गती दीडपट केली, तर ताण सव्वादोनपट होतो. तोकड्या तंतूंच्या कापसाचे सूत हा ताण सोसत नाही आणि आठही चात्यांवर धागे तुटू लागतात. रिकाम्या बॉबिनवर आरंभ करताना गती हळूहळू वाढवावी लागते. हात हे आपोआप करीत असे.

एकदिश प्रवाहाच्या लहान मोटरीची गती तिला मिळणाऱ्या विद्युत् दाबानुसार बदलते. मार्गात रोधक घालून दाब कमी केल्यास बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्याची सरासरी कमीजास्त करतो. किती गती हवी, हे त्याला सदृश, म्हणजे अखंडपणे बदलणाऱ्या दाबाने सांगण्याची पद्धत सर्वांत साधी होय. घरगुती कार्यशाळेतील संगणकनियंत्रित छिलाई यंत्राच्या तर्कूलाही असाच, बहुधा ० ते १० व्होल्टचा, संकेत देतात. त्यासाठी बसवलेल्या विभवमापी गुंडीला तीन तारा असतात : एकीवर नियंत्रकाकडून आलेला स्थिर दाब, दुसरीवर शून्य दाब व मधल्या सरकत्या टोकाची तार, जी या दोहोंमधील दाब नियंत्रकास परत नेते. या जोडणीत एक धोका दडलेला असतो. शून्य दाबाची तार निखळल्यास सरकत्या टोकावर संपूर्ण दाब येतो व गुंडी कोठेही असली, तरी मोटर पूर्ण वेगाने धावू लागते. मधली तार निखळल्यास असे होऊ नये म्हणून नियंत्रकाच्या प्रवेशाग्राशी शून्याकडे ओढणारा रोधक घालतात. पहिल्या दोषावर तो उपाय नव्हे. त्यासाठी कमाल मर्यादा आधीच खाली बांधावी लागते आणि मुख्य प्रवाह तोडणारी कळ काम करणारीच्या हाताशी असावी लागते. मोटरीच्या जाड तारा व संकेताच्या बारीक तारा एकाच जुडग्यात नेल्यास विद्युत् गोंगाटाने गती थरथरते. म्हणून संकेताची तार जाळीच्या कवचातून नेऊन ते कवच एकाच टोकास भूमीशी जोडतात. धनुष्याची पट्टी तुटली, तर चाती थांबे. येथे तार तुटली, तर ती सुसाट सुटू शकते.

वेगाची गुंडी कोठे बसवावी, हा प्रश्न याहून नाजूक आहे. ती चरख्यावर, कातणारीच्या हाताशी असल्यास कापूस, हवेतील ओलावा व स्वतःचा थकवा पाहून ती वेग जुळवू शकते. ती कुलूपबंद पेटीत असल्यास वेग ठरवणारा कोणी दुसराच असतो व झोपडीतील चरखा गिरणीच्या नियमाने चालू लागतो. गांधींनी विजेला केवळ वीज म्हणून विरोध केला नव्हता. खेड्यातील माणूस आपली अवजारे विजेवर चालवील, तर त्यांची हरकत नव्हती. माणसाला बेकार करणाऱ्या व त्याला आपल्या गतीमागे धावावयास लावणाऱ्या यंत्राला त्यांचा विरोध होता. त्या दृष्टीने पाहता सौर चरख्याची कसोटी त्याच्या मोटरीत जेवढी आहे, तेवढीच तिच्या गुंडीच्या जागेत आहे.

कायद्याने मात्र रेषा दुसरीकडे आखली आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार भारतात हाताने कातलेल्या कापूस, रेशीम अथवा लोकर यांच्या सुताचे, भारतात हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. चातीची संख्या, गती किंवा पिळाची पद्धत यांचा तीत उल्लेख नाही. हाताची अट तेवढी आहे. त्यामुळे अंबर चरख्याचे सूत खादीचे ठरले आणि त्याच यंत्राला मोटर जोडून काढलेल्या सुताचे कापड सौर वस्त्र या वेगळ्या नावाने ओळखावे लागले. २०१३ मध्ये खादी चिन्हाचे विनियम लागू झाल्यावर हा भेद प्रमाणपत्राचा विषय झाला. दातचाके तीच असल्याने दोन्ही सुतांत दर इंचास पडणारा पीळ सारखाच असतो. सूत हाताने फिरलेल्या चातीवरचे आहे की मोटरीवरचे, हे पीळ मोजून सांगता येत नाही. त्यासाठी चरखा जेथे चालतो तेथेच जाऊन पाहावे लागते.